सावरीखालचा थांबा

आमचे राजे, नाना आमोआतेंग, चालायला निघाले की सगळं असुबेन गाव बघत राहायचं. अहो, ते चालणं कसलं, सोहळाच तो! पुढे मोठे ढोल, डोक्यावर लाल रेशमी छत्री, ती वरखाली नाचवणारा गडी, मागे वडीलधारी मंडळी. मधोमध अंगावर केंटेचं रंगीत वस्त्र घेतलेले नाना, पायात रुंद काळ्या वहाणा. एकेक पाऊल सावकाश पडायचं. राजवाड्याच्या दारापासून पन्नास पावलांवर पांढऱ्या सावरीचं एक जुनाट झाड आहे. नाना तिथे थांबायचे. ते थांबले की ढोल थांबायचे, छत्री थांबायची. नाना मान वर करून झाडाच्या शेंड्याकडे दोन-तीन मिनिटं बघत उभे राहायचे आणि मग पुढचं पाऊल उचलायचे. तेवढ्या वेळात त्या जागी पोरंसुद्धा गप्प व्हायची.

"पूर्वजांशी बोलतात," बाया एकमेकींच्या कानात सांगायच्या.

हे त्यांना सांगितलं कुणी? बादूने. दुसरं कोण सांगणार?

ओक्यामे बादू म्हणजे नानांची वाणी. आमच्याकडे राजा कुणाशी थेट बोलत नाही आणि राजाशीही कुणी थेट बोलत नाही. अगदी हातभर अंतरावर बसला असलात, सगळं ऐकू येत असलं, तरीसुद्धा नाही. नाना खालच्या आवाजात दोन शब्द बोलणार. मग सोन्याच्या मुठीची काठी हातात धरून बादू ते मोठ्याने, नटवून, गोड करून सांगणार. नाना म्हणाले "नको", तर बादूच्या तोंडून ते असं यायचं की मागणारा नकार घेऊनही खूश होऊन घरी जायचा. तीस वर्षं त्याने हे केलं. त्याच्या जिभेचा गावाला अभिमान होता, आणि कुणाला सांगू नका, पण सगळ्यात जास्त तो त्याला स्वतःलाच होता.

सावरीखालच्या थांब्याचं खरं कारण मात्र एकट्या त्यालाच ठाऊक होतं. तिथे पोचलं की नाना ओठ न हलवता म्हणायचे, "बादू, पोटरीत कुणीतरी धुणं पिळतंय." थांबलं की ते पिळणं हळूहळू सुटायचं. चाललं की पुन्हा पन्नास पावलांवर सुरू व्हायचं.

बरं, डॉक्टरला दाखवलं नाही असंही नाही. तालुक्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरने वर्षभरापूर्वी विचारलंच होतं, "नाना न थांबता किती चालतात?" नाना पुटपुटले, "पन्नास पावलं, मग जीव जातो." बादूने काठी उचलली आणि सांगितलं, "नाना जिथे थांबतात तिथे गावाला सावली मिळते, डॉक्टर. त्यांना पोचायची घाई नाही." डॉक्टर खूश होऊन हसला आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. सहा महिन्यांनी त्याने विचारलं, झोप लागते का? नाना म्हणाले, "पाय खाटेखाली लोंबता ठेवला तरच लागते." बादू म्हणाला, "नाना झोपेतही एक पाय खाली सोडून असतात, लोकांची हाक आली तर उठायला उशीर नको म्हणून." डॉक्टरने भारावून दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि चोळायला मलम दिलं.

आता याला खोटं म्हणायचं का? बादू म्हणायचा, हेच माझं काम. मला विचाराल तर त्या माणसाला आपल्याच बोलण्याची चटक लागली होती.

मग वहाणेच्या पट्ट्याने अंगठा सोलला. साधं खरचटणं, दोन दिवसांत बरं व्हावं असं. तीन आठवडे झाले तरी ते मिटेना. अंगठा आधी लाल झाला, मग वांग्याच्या रंगाचा. खोलीत धूप घातला तरी वास लपेना. मंडळी दरबारात नानांच्या तोंडाकडे बघायचं सोडून पायाकडे बघायला लागली. का, ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याच्या अंगात उणं आहे तो आमच्या आसनावर बसू शकत नाही. पायाचं एक बोट कापलं गेलं तरी आसन गेलं. तीस वर्षं राज्य केलेला माणूस वहाणा काढून मागच्या दाराने बाहेर. त्याचं नावसुद्धा मग पूर्वजांच्या यादीत घेत नाहीत.

राजमाता आफ्राकोमा ही नानांची थोरली बहीण; आमच्याकडे हा मान राजाच्या बहिणीलाही मिळतो. एका सकाळी ती न विचारता आत आली, पायावरचं फडकं उचललं, आणि तिने तोंडाचा जो पट्टा सोडला तो अंगणात ऐकू गेला.

"बादू! इकडे ये मेल्या! हे काय आहे?"

"राजमाता, नानांचा पाय जरा—"

"जरा? हे जरा? सगळ्या जगाला मध पाजत फिरलास आणि माझ्या भावाचा पाय कुजला की रे इथे! डॉक्टरला काय सांगितलंस तू? बोल ना आता. एरवी तोंड मिटत नाही तुझं!"

 साठी उलटलेला बादू खाली मान घालून उभा राहिला. डॉक्टरला दिलेली ती दोन उत्तरं त्याला शब्द न् शब्द आठवली. नानांनी तेव्हा आपल्याकडे कसं बघितलं होतं, तेही आठवलं. 

त्याच दिवशी गाडी कुमासी शहरातल्या मोठ्या इस्पितळाकडे निघाली. हरमाटान वारा ऐन भरात होता. वाळवंटातली धूळ आकाशभर पसरलेली, सूर्य दुधात पडलेल्या नाण्यासारखा फिकट. झाडं जवळ येईपर्यंत दिसत नव्हती आणि दिसली की लगेच नाहीशी होत होती. नाना डोळे मिटून बसले होते. बादूला वाटलं, आपण गाडीत नाहीच. आटलेल्या आबेना नदीच्या पात्रातून चालतोय, आणि पाणी पुढे कुठेतरी आहे पण सापडत नाही. लहानपणी त्याला हे स्वप्न पडायचं. तेव्हा नाना नाना नव्हते, बुधवारी जन्मला म्हणून नुसता क्वाकू होता, आणि दोघं त्याच नदीत वेताचे पिंजरे लावून मासे धरायचे, मंगळवार सोडून. मंगळवार नदीचा.

इस्पितळातली डॉक्टर होती सेलोर्म, एवे लोकांतली मुलगी, पस्तिशीही नसेल. केसांच्या बारीक वेण्या मागे गुंडाळलेल्या. तिने सरळ नानांची वहाण काढली आणि पाय हातात घेतला.

"अगं अगं पोरी! राजाचा पाय आहे तो!" बादू ओरडला. "उघडा पाय जमिनीला लागला तर गावावर संकट येतं!"

"जमिनीला कुठे लावतेय, आजोबा? माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "मीही पडू देणार नाही."

तिने डाव्या पावलावर थंड मलम लावून पेनासारखं एक यंत्र टेकवलं. खोलीत आवाज घुमला, सूं... सूं... सूं. पाणी दगडाला वळसा घालून जातं तसा. नानांनी डोळे उघडले. मग तिने यंत्र उजव्या पावलावर नेलं. इकडे टेकवलं, तिकडे टेकवलं, घोट्यामागे टेकवलं. काही नाही. एका पायात नदी होती आणि दुसऱ्यात नुसती खरखर.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"सांग, सहन होतं," नाना पुटपुटले.

बादूने काठी उचलली. एक सुंदर वाक्य ओठांवर आलं, आणि पहिल्यांदाच त्याला त्या वाक्याची शिसारी आली. "नाना म्हणतात, सहन होतं," एवढंच तो म्हणाला.

सेलोर्मने समजावून सांगितलं. मांडीतली रक्तवाहिनी गुडघ्याच्या वर बंद झाली आहे, म्हणून जखमेपर्यंत रक्त पोचत नाही. डाव्या जांघेतून तार घालायची, पोट ओलांडून उजव्या पायात उतरवायची, अडथळ्यातून पार न्यायची, फुगा फुगवून वाट रुंद करायची आणि ती मिटू नये म्हणून आत जाळीची नळी ठेवायची, स्टेंट. तिने नमुना दाखवला. बोटभर लांब, केसासारख्या तारांचा. बादूने तो हातावर घेतला आणि नकळत म्हणाला, "हा तर वेताचा पिंजरा!"

नानांच्या ओठांचा कोपरा हलला.

"वाट उघडली तर अंगठा वाचेल," डॉक्टर म्हणाली. "जखम अजून वरवर आहे. पण एक गोष्ट नीट ऐका. नाना जागे असतील. फुगा फुगवताना थोडं ताणल्यासारखं वाटेल, ते चालतं. पण जोरात दुखलं तर त्या क्षणी मला कळलं पाहिजे. वाहिनी जुन्या रबरी नळीसारखी झालीय. आधी ती दुखते, मग फाटते. फाटली तर मग अंगठ्याचं सोडाच, पाय जाईल. कदाचित नानाही."

ती गेल्यावर नानांनी बादूला जवळ बोलावलं.

"बादू, त्या टेबलावर मी राजा म्हणूनच झोपणार. राजा कळवळत नाही. तिने विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणून सांगायचं."

"पण नाना, ती म्हणाली—"

"माझा शब्द आहे."

आता सांगा, बादूने काय करायचं? तीस वर्षांत त्याने नानांचा शब्द नटवला होता, वळवला होता, पण मोडला कधी नव्हता. ओक्यामेने राजाचा शब्द मोडला की त्याची काठी गेली, आणि काठी गेली की त्याचं काय उरलं? घरी जाऊन कोंबड्या राखायच्या.

सकाळी नानांना आत नेलं. बादूलाही आत घ्यायचं ठरलं, कारण ओक्यामेशिवाय नाना बोलायलाच तयार नव्हते. दारात अकोस नावाची नर्स आडवी आली.

"काठी बाहेर."

"ही काठी म्हणजे राजाची वाणी आहे, बाई."

"असेल हो. पण आत स्वच्छ केलेल्या वस्तूच जातात. तुमची वाणी काही धुतलेली नाही. द्या इकडे, मी पोटच्या पोरासारखी सांभाळते."

तिने काठी घेतली आणि त्याच्या अंगावर क्ष-किरण अडवणारा, गुडघ्यापर्यंतचा शिशाचा जड कोट चढवला. बादूचे हात रिकामे झाले. इतके रिकामे, की ते कुठे ठेवायचे हेच त्याला कळेना.

आत अंधूक निळसर उजेड होता आणि गारवा. यंत्रं एका सुरात घुमत होती. त्या जड कोटात बादूला वाटलं, आपण पाण्याखाली चालतोय. माणसांचे फक्त डोळे दिसत होते. नाना हिरव्या कापडाखाली पडले होते, गुंगीचं थोडं औषध दिलेलं, धड जागे नाहीत की धड झोपलेले नाहीत. बादू त्यांच्या उशाशी उभा राहिला.

"आता नानांना पायात ऊब वाटेल," सेलोर्म म्हणाली, तिने रक्तवाहिनीत रंगाचं औषध सोडलं आणि पडद्यावर काळी नदी उमटली.

बादू बघतच राहिला. मांडीतून रुंद प्रवाह खाली आला, त्याला फाटे फुटले, फाट्यांना फाटे. आणि गुडघ्याच्या वर मुख्य पात्र अचानक संपलं, जसं अनेक वर्षांपूर्वी ओंडके अडकून आबेनाचं पाणी एका वळणावर तुटलं होतं. त्यापलीकडे काही नव्हतं. बाजूने दोन-चार बारीक ओघळ कसेबसे वाट काढत होते. एवढ्याशा पाण्यावर हा माणूस सावरीपर्यंत चालत होता! आणि मी म्हणत होतो, पूर्वजांशी बोलतात. बादूचे डोळे भरून आले. हात पुसायला वर गेले, पण कोट इतका जड की ते अर्ध्यातच थांबले.

"बादू," नाना गुंगीत म्हणाले, "आबेनाला पाणी आलं का रे?"

"येतंय, नाना."

"पिंजरा नीट लाव. मागच्या वेळी तुझा वाहून गेला."

"लावतोय, नाना."

तार अडथळ्यापाशी आली. ती शिरेना. डॉक्टर बोटांच्या चिमटीत ती फिरवत राहिली, मागे घेई, पुन्हा ढकली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिथे वेळ नव्हताच, नुसतं घुमणं होतं. मग एकदम तार पार झाली, पलीकडच्या काळोखात उतरली. त्या तारेवरून फुगा गेला. पडद्यावर तो बारीक शेंगेसारखा दिसत होता. तो भरायला लागला.

"नाना, ठीक आहे का?" डॉक्टरने बादूकडे बघत विचारलं.

नानांचे ओठ हलले. "सांग, ठीक आहे."

"ठीक आहे," बादू म्हणाला.

शेंग आणखी भरली. मधल्या भागात ती अजून चिमटलेली होती.

"अजून थोडं. नाना, ठीक?"

"ठीक आहे, सांग." आवाज अगदी शांत. दरबारात असायचा तसाच.

बादूची नजर खाली गेली. हिरव्या कापडातून नानांचा हात बाहेर आला होता. मूठ वळलेली, आणि अंगठा मुठीच्या आत.

पन्नासेक वर्षांपूर्वी नदीत एका मोठ्या माशाचा काटा क्वाकूच्या टाचेत आरपार घुसला होता. राजघराण्यातला पोरगा, रडायची सोय नव्हती. पाणी लाल झालं तरी तो हसत उभा होता, "काही नाही रे, काही नाही." फक्त अंगठा मुठीत दाबलेला होता. तेव्हा बादूनेच त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं होतं.

बादूने काठीसाठी हात उचलला. काठी नव्हती. हातात काहीच नव्हतं.

"थांब!" तो ओरडला. "पोरी, थांब! खोटं बोलतोय तो! क्वाकूला दुखतंय, भयंकर दुखतंय, सोड तो फुगा!"

सेलोर्मने एका क्षणात फुगा रिकामा केला.  तिने पुन्हा काळा रंग सोडला, पडद्याजवळ वाकून बघितलं, आणि श्वास सोडला.

"फाटली नाही," ती म्हणाली. "पण भिंतीला चीर पडलीय, बघा. फुगा आणखी थोडा भरला असता तर... आजोबा, बरं झालं बोललात."

मग तिने लहान फुगा घेतला, हळूहळू भरला आणि त्या जागी जाळीची नळी उघडून ठेवली. काळा रंग पुन्हा सोडला, आणि तो थांबलाच नाही. वरून आला, पिंजऱ्यातून सुळकन गेला, गुडघा ओलांडला, पोटरीतल्या फाट्यांत शिरला, घोटा, पाऊल. बादू त्याच्यामागोमाग मनाने पळत होता. नाना मात्र छताकडे बघत होते. बादूकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

दुपारी खोलीत उन्हाचा फिकट पट्टा पडला होता. नाना उताणे, पाय न हलवता पडलेले. बादूने नर्सकडून काठी परत आणली आणि खाटेवर नानांच्या हाताशी ठेवली.

"मी आपला शब्द मोडला," तो म्हणाला. "आणि चारचौघांत आपलं पोरपणीचं नाव घेतलं. काठी परत घ्या, नाना."

 एवढ्यात सेलोर्म आली. तिने फडकं बाजूला केलं, पावलावर हात ठेवला आणि बादूला खुणावलं. त्यानेही हात ठेवला. पाऊल ऊबदार होतं. वर्षभर ते मडक्यासारखं गार होतं. बादूने हात काढला नाही, आणि त्याला रडू आवरेना.

"पाय कसा वाटतोय?" डॉक्टरने विचारलं आणि सवयीने बादूकडे बघितलं. बादूने खाटेवरच्या काठीकडे बघितलं, पण ती उचलली नाही.

 मग नाना बोलले. थेट तिच्याशी. मधे कुणी नाही.

"हलका वाटतोय, मुली. आणि टेबलावर दुखलं होतं. फार दुखलं होतं."

ती गेल्यावर त्यांनी काठीची मूठ धरून ती बादूकडे ढकलली. "उचल ती. तीस वर्षं तू माझे शब्द नटवत आलास, मी गप्प बसलो. कारण मला ते गोड लागायचे. आपण दोघांनी मिळून हा पाय कुजवला, बादू. आता असंच सांगत जा, त्या टेबलापाशी सांगितलंस तसं."

"आणि ते नाव, नाना?"

"ते पुन्हा घेतलंस तर मात्र जीभ हासडीन," नाना म्हणाले आणि झोपले.

त्यानंतरच्या पहिल्या अदाएच्या, म्हणजे दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या पूर्वजांच्या, उत्सवाला नाना पालखीतून निघाले. मंडळी पुटपुटत राहिली. दुसऱ्या अदाएपर्यंत जखम भरली होती, अंगठ्यावर नुसता गुलाबी डाग उरला होता. त्या सकाळी राजमातेने सगळ्या वडीलधाऱ्यांना बोलावून पायाची दहाही बोटं मोजायला लावली. मग नाना वहाणा चढवून दारात आले.

ढोल सुरू झाले. छत्री नाचायला लागली. मिरवणूक सावरीपाशी पोचली, आणि वर्षभराच्या सवयीने ढोल थांबले, छत्री थांबली, मंडळी थांबली, बायांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. बादूही थांबला.

नाना थांबले नाहीत.

ते छत्रीखालून बाहेर पडले आणि उन्हातून एकटेच चालत पुढे गेले. साठ पावलं, सत्तर, शंभर. गावाने राजाला असं उन्हात कधी पाहिलं नव्हतं. मग मागे आवाज नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ते वळले, गावाकडे बघून काहीतरी म्हणाले. पण अंतर फार होतं, कुणाला ऐकू आलं नाही.

"काय म्हणाले?" राजमातेने विचारलं. "अरे बादू, नाना काय म्हणाले?"

सगळं गाव बादूच्या तोंडाकडे बघत होतं. त्याने ओठ वाचले होते. काठी उंच धरली, गळा साफ केला, आणि एकही शब्द वाढवला नाही.

"नाना विचारतात," तो म्हणाला, "का थांबलात?"